बारकीचा होल्डर

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला, उत्तराला उशीर झाला, तेव्हा आधीच कान धरते. पण कारण ऐकलंस तर रागावणार नाहीस. किंवा जास्तच रागावशील, तुझं काही सांगता येत नाही. मी एक होल्डर बनवलाय. लेथवर आटे पाडायचा. विकतचं काहीही न आणता, आमच्या दुकानात, माझ्या हातांनी.

झालं असं की आमच्याकडे पंपाच्या दांड्यांचं काम आलं. दांडी एका जागी एकदम जाड होते, तो तिचा खांदा, आणि आटे त्या खांद्याला अगदी भिडेपर्यंत हवेत. तुला काय सांगायचं, दर फेरीच्या शेवटी टूल झटकन मागे ओढायचं, टूल वाहणारी कॅरेज परत आणायची, टूल पुन्हा त्याच आकड्यावर पुढे घ्यायचं. एका दांडीला अठरा फेऱ्या. सोळाव्या फेरीला दारातून कुणी हाक मारली की संपलं. दोन दांड्या मी अशा वाया घालवल्या. आमच्या ह्यांनी त्या उचलून भंगारात ठेवल्या, आणि तेच मला जास्त लागलं.

मग पोलादाचा एक चौकोनी ठोकळा घेतला. त्यात एक जीभ बसवली, ती पिनेवर झुलते आणि टूल त्या जिभेत. कापताना दाब खाली येतो, जीभ घट्ट बसून राहते. मोटर उलटी फिरवली की दांडीच जिभेला वर ढकलते, टूल आट्यांतून उचललं जातं आणि कॅरेज सुखाने परत येते. मागे ओढणं नाही, आकडा लक्षात ठेवणं नाही. पहिल्या वेळी पीन टूलच्या टोकाच्या वर बसवली होती, त्यामुळे टूल उचलताना आधी पुढे घुसायचं आणि आटे ओरबाडायचं. पीन खाली घेतली तसं शहाण्यासारखं वागायला लागलं. टूल मधोमध न ठेवता ठोकळ्याच्या कडेला ठेवलंय, म्हणजे खांद्याजवळ जाता येतं. सोबत चित्र आहे, त्यात सगळी मापं घातलीत.

बाबांना हे पत्र वाचून दाखव. त्यांना अक्षरं दिसत नाहीत पण नखाला आटे दिसतात, म्हणून एक नमुन्याचा तुकडाही पाठवते. आणि त्यांना सांग, या वेळी महिनाभर इकडे या. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, बाबा एकदाही राहायला आले नाहीत. दुकानात दाराशी उजेड छान येतो, तिथे त्यांच्यासाठी खुर्ची मांडून ठेवलीय.

वहिनींना नमस्कार. मोठेपणा तुझ्याकडे आहेच, लोभही तितकाच मोठा ठेव.

तुझी,
बारकी

---

दि. १९ फेब्रुवारी

चि. सौ. बारकीस,
अनेक आशीर्वाद. (थोरला पडलो, द्यावेच लागतात.)

तुझं पार्सल आलं आणि या घरातली शांतता गेली. बाबांनी तो तुकडा हातात घेतला, अंगठ्याचं नख आट्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, आणि मग परत फिरवलं. त्यानंतर समोरच्या वेल्डरला बोलावून दाखवला. पोस्टमनला दाखवला. दुपारी दाताचा डॉक्टर आपल्या गेटची कडी दुरुस्त करून घ्यायला आला, त्यालाही दाखवला. तो बिचारा आटे कशाशी खातात हे न कळता वा वा म्हणून गेला.

बारके, मी तीस वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहून आटे पाडतोय. माझा तुकडा ते चाचपतात आणि ठेवून देतात. चुकलं असेल तर सांगतात, बरोबर असेल तर चहा मागतात. चहा मागितला की काम पास, एवढीच माझी आजवरची कमाई. तुझा तुकडा हातात आला तर चहाच विसरले. माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला लिहू? चार दिवस जेवण गोड लागलं नाही.

मग मी तुझा होल्डर बनवायला घेतला. तुझ्या चित्राबाहेर केसभरही गेलो नाही. माझं डोकं मुद्दाम बाजूला ठेवलं, म्हणजे चुकलं तर ते तुझंच, माझं नाही. तू लिहिलंयस टूल उजव्या कडेला, मी उजव्या कडेला बसवलं. काल बाबांच्या आणि वेल्डरच्या समोर लेथवर लावून दाखवलं. टूल खांद्यापासून बोटभर लांब असतानाच तुझा तो ठोकळा जाऊन दांडी पकडणाऱ्या चकच्या जबड्याला धडकला. धाडकन आवाज झाला. मला बरं वाटलं, हेही खोटं लिहीत नाही. बाबा उठून आत गेले.

तेव्हा तुझ्या होल्डरचं हे असं आहे. तुझ्याकडे कसा चालतो ते तुझं तू जाण. आणि बाबांच्या येण्याचं म्हणशील, तर गुडघे धरलेत, प्रवास झेपणार नाही. तो विषय नको.

मेहुण्यांना नमस्कार सांग. खरं लिहिलं म्हणून लोभ आटवू नकोस.

तुझा,
दादा

---

दि. २६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग चित्राची माझ्याकडची प्रत काढून बघितली. चूक माझी आहे. पण ती कशी झाली ते ऐकून घे, कारण त्यात थोडा तूही आहेस.

चित्रात मी चक उजवीकडे काढलाय. टूल उजव्या कडेला, म्हणजे चकच्या बाजूला. तू लेथसमोर उभा राहतोस, तुझ्या मते चक डावीकडे असतो, साऱ्या जगाच्या मते तो डावीकडेच असतो. पण दादा, मी लेथ कुठून बघितला? बाबांच्या शेजारची जागा तुझी होती. बाबा हँडल फिरवत आणि तू त्यांच्या खांद्याला खांदा लावून बघत असायचास. मला कुणी कधी म्हटलं नाही की इकडे ये. मी मशीनच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला, तेलाची बुधली धरून उभी असायचे. आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत. तिथून चक उजव्या हाताला दिसतो. आज मी समोर उभी राहून काम करते आणि हात बरोबर चालतात, पण कागद-पेन्सिल घेतली की मी पुन्हा जाऊन त्या भिंतीशी उभी राहते. मला कळतसुद्धा नाही.

तुझ्या पोटात चार दिवस दुखलं म्हणतोस. माझ्या पोटात आठव्या वर्षापासून दुखतंय. बाबा तुझ्या मनगटाला धरून शिकवायचे ना, तेव्हा मी बुधली मुद्दाम सांडायचे, म्हणजे निदान माझ्याकडे बघून ओरडतील. तू ते विसरला असशील. मी विसरले नाही.

टूल डाव्या कडेला घे, बाकी सगळं तसंच ठेव. आणि बाबांना नीट सांग की चूक चित्रात होती, होल्डरमध्ये नाही. एवढं तरी करशील ना?

आणि गुडघ्यांचं काय? डिसेंबरात तूच लिहिलं होतंस की बाबा रोज दोनदा गच्ची चढतात आणि कुणाचं ऐकत नाहीत. इतक्यात असं काय झालं?

भांडले तरी तुझीच आहे. लोभाचं तेवढं सांभाळ.

तुझी,
बारकी

---

दि. ३ मार्च

सौ. वन्संना,
स. न. वि. वि.

पत्र लिहिणं हे खातं आमच्या ह्यांचं. मी कधी लिहीत नाही, त्यामुळे अक्षर आणि बाकीचं सांभाळून घ्या. पण घरात जे चाललंय ते बघवत नाही म्हणून लिहायला बसले. हे दुकानात गेलेत.

मामंजींचे गुडघे ठणठणीत आहेत. आज सकाळीच गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण बसवून आले. तुम्ही त्यांना बोलावलंत ते त्यांना माहीतच नाही. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा हे मोठ्याने वाचत होते, आटे, पीन, ठोकळा सगळं, आणि तुमच्या बोलावण्याशी आल्यावर घसा खाकरला आणि खाली नमस्कारावर उडी मारली. मी दाराशी पीठ चाळत होते. नंतर पत्र मी स्वतः वाचलं तेव्हा कळलं, मधली अख्खी तीन वाक्यं गिळली होती.

दुसरं पत्र आलं ते तर वाचलंच नाही, सगळं ठीक आहे एवढंच सांगितलं. पण त्या दिवसापासून तीन दिवस दुकानातून उशिरा येत होते. काल मी डबा द्यायला गेले तर तुमचा होल्डर लेथवर. टूल डावीकडे. मस्त चालत होता हो, मलासुद्धा कळलं. मला बघितलं तसं त्यावर फडकं टाकलं, चोरी पकडल्यासारखं तोंड झालं होतं.

वन्सं, माणूस वाईट नाही हा. मामंजींना ताप आला तर रात्रभर डोळ्याला डोळा लावत नाही. पण तुमचं नाव निघालं की लहान मुलासारखा होतो. मी बोलले नसते, पण परवा मामंजींनी मला विचारलं की बारकीने तुला नमस्कार लिहिला, मला या म्हणून नाही लिहिलं का. मी भाकरी करपवली त्या दिवशी.

मी लिहिलं हे त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सांगितलंत तरी मला भीती नाही. माया आहे ती तशीच राहो.

तुमची,
वहिनी

---

दि. ९ मार्च

ती. बाबांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दादा तुम्हाला वाचून दाखवील. तो नीट वाचतो, एकही ओळ गाळत नाही, म्हणून निश्चिंतपणे लिहिते.

मी पाठवलेल्या होल्डरच्या चित्रात चूक होती. टूलची बाजू मी उलटी लिहिली. दादाने मी लिहिल्याप्रमाणे तंतोतंत बनवला, त्याच्या हातात काही खोट नव्हती. दुसरा कुणी असता तर मापं इतकी बरोबर आलीच नसती आणि चूक कुठे आहे ते सापडलंही नसतं.

बाबा, तुम्ही माझ्याकडे या. एकोणीस वर्षांत मी दरवर्षी मनात म्हटलं आणि दरवर्षी वाटलं की तिकडे दुकान आहे, तिकडे दादा आहे, तुमचं मन इकडे लागायचं नाही. आता मीच लेथवर उभी असते. तुम्ही माझं काम एकदाही बघितलेलं नाही. मला ते दाखवायचंय. दाराशी खुर्ची मांडली आहे. येताना कुणाला सोबत आणायची गरज नाही, मी स्टेशनवर उभी असेन.

तुमच्या आशीर्वादाची वाट बघते, आणि तुमची त्याहून जास्त.

तुमची,
बारकी

---

दि. १६ मार्च

चि. सौ. बारकीस,
अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

जिंकलीस. तुझं पत्र बाबांच्या नावाने आलं, पाकीट त्यांनी स्वतः फोडलं आणि माझ्या हातात दिलं. एकही ओळ गाळत नाही, हे मोठ्याने वाचताना माझे कान तापले. तुला कुणी सांगितलं ते विचारत नाही. घरात माझ्याशिवाय वाचता येणारं एकच माणूस आहे आणि त्या दिवसापासून ते माझ्याकडे बघून मिश्कील हसतंय.

सगळं वाचलं. खुर्चीशी आल्यावर चष्मा पुसत बसलो. बाबा म्हणाले, पुढे काही लिहिलेलं नाही का. मी म्हटलं, आहे, आणि वाचलं. मग म्हटलं, बाबा, हे बोलावणं पहिलं नाही, पहिलं मी तुम्हाला सांगितलंच नाही. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं की गाडी किती वाजता असते. मग आत जाऊन स्वतःच बॅग काढली.

आता कारण मागशील. तू पलीकडच्या भिंतीशी उभी होतीस, कबूल. मला ते कधी दिसलंच नाही, हेही कबूल. पण शेजारी उभं राहून काय मिळतं ते तुला वाटतं तसं नाही, बारके. शेजारच्या माणसाला फक्त चुका ऐकू येतात. तुझा तुकडा बघून बाबा ज्या आवाजात बोलले, तो आवाज मी तीस वर्षांत माझ्यासाठी ऐकला नव्हता. मला वाटलं, एकदा तुझ्या दुकानात जाऊन बसले, तुझं काम बघितलं, की हे माझ्याकडे परत कशाला येतील? जेवणखाण, औषधं, सगळं मी करायचं आणि मन तुझ्याकडे, ही कल्पनाच सहन होईना. म्हणून गिळली ती ओळ. लाज वाटते. जळतोयही अजून, ते एका पत्राने जाणार नाही.

२० तारखेच्या सकाळच्या गाडीत बसवून देतो. चहात साखर अर्धा चमचा. मागतील जास्त, देऊ नकोस. डोळ्यांचे थेंब बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत. दुपारी झोपत नाही म्हणतात पण खुर्चीत झोपतात, उठवू नकोस. लेथजवळ जाताना बाही वर केलीय का बघ.

एवढं नीट सांभाळ. आणि लोभाचा थोडा भाग या अपराध्यासाठी शिल्लक राहू दे.

तुझा,
दादा

---

दि. ३ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा मजेत आहेत. साखर अर्धाच चमचा. बाहीवरून रोज भांडण. चौदा दिवस झाले, आणि मी तुला हे पत्र रागाने लिहिते आहे हे आधीच सांगते.

पहिल्या दिवशी ते आले, हात धुतले आणि थेट लेथवर. होल्डरची जीभ दोनदा वर-खाली केली, पिनेला बोट लावून ढिलाई बघितली. मी एक दांडी करून दाखवली. अठरा फेऱ्या, एकदाही हात थांबला नाही. त्यांनी आटे नखाने चाचपले आणि चहा मागितला. तू लिहिलं होतंस म्हणून कळलं की पास झाले, नाहीतर मी तिथेच रुसून बसले असते. एकोणीस वर्षं वाट बघून एक कप चहा!

पण खरी गंमत पुढे. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, माझ्या होल्डरचं कौतुक करायला लागलं. बाबा खुर्चीतून म्हणाले, चांगला आहे, पण माझ्या मुलाला असलं काही लागत नाही. तो आवाजावर टूल मागे घेतो. तीस वर्षांत त्याने एकदाही खांद्याला टूल लावलं नाही. मी तिथेच उभी होते, हातात तोच होल्डर. त्यानंतर रोज तेच. पिठाच्या गिरणीवाल्याला सांगितलं, शेजारच्या शिंप्याला सांगितलं, आमच्या ह्यांना तर पाठ झालंय. धरणाच्या दाराचा तो चार फुटी स्क्रू तू म्हणे अंगात ताप असताना केलास, आणि बाबा मागे उभे राहून बघत होते, आणि त्यांना वाटलं की आपल्या हातून हे इतकं सुरेख झालं नसतं. आपल्या हातून झालं नसतं, असं बाबा म्हणाले. बाबा!

दादा, माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. शेवटी काल मी विचारलंच की हे सगळं दादाला कधी सांगितलंत का. माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. म्हणाले, तो तर शेजारीच असतो, त्याला काय सांगायचं.

झालं तुझं समाधान? घे. मी एकही ओळ गाळलेली नाही, फार वाटत होतं तरी.

सोमवारच्या गाडीने परत जातो म्हणतात. तिकीट काढायचंय, उलट टपाली कळव.

माझा लोभ सध्या रुसलाय, तुझा मात्र असू दे.

तुझी,
बारकी

---

दि. ६ एप्रिल

चि. सौ. बारकीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात मिळालं. उभ्यानेच वाचलं. मग मशीन बंद केलं आणि बसून वाचलं. मग घरी जाऊन तुझ्या वहिनीला वाचायला दिलं, म्हटलं मोठ्याने वाच, मला ऐकायचंय. तिने स्क्रूच्या ओळीशी थांबून माझ्याकडे बघितलं आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचली. सेहेचाळिसाव्या वर्षी बापाची शाबासकी ऐकून माणसाने काय बोलायचं असतं, मला माहीत नाही.

तू जळतेस ते कळलं. जळ थोडी. तुझं ते पत्र वाचून मला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं आपण दोघं एकाच गोष्टीसाठी एकमेकांकडे डोळे वटारून बघत होतो.

तिकीट काढू नकोस. घर रिकामं वाटतं, दुकानात उगाच मागे वळून बघतो, ते सगळं खरं. पण इथे आले की ते पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसतील, आणि शेजारच्याला काय सांगायचं! दिवसभर तुझं कौतुक आणि मला चहाची ऑर्डर. तेव्हा अजून महिनाभर ठेवून घे त्यांना, बारके. आणि रोज काय बोलतात ते मला लिहीत जा.

लोभ तिकडे रुसलेला असला तरी चालेल, पत्र मात्र पाठव.

तुझा,
दादा